आप्पांना विचारलं कुणी?

निपाणीहून चिकोडीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डावीकडं एक फाटा फुटतो. त्या फाट्यानं आत गेल्यावर लागतं ते धरणेंद्र मगदुमांचं गाव. गावात त्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणत, पण त्या म्हणण्यात माया कमी आणि सावधपणा जास्त. ज्या घराशी आप्पांचं कधी वाजलं नाही, असं घर दिवा घेऊन शोधावं लागलं असतं. डेअरीतल्या मापावरून, पाण्याच्या पाळीवरून, देवळात अभिषेकाला पुढं कोण उभं राहणार यावरून, त्यांना कुठलंही कारण पुरायचं. बस कोल्हापूरची असली तर कंडक्टरशी मराठीत भांडत, बेळगावची असली तर कानडीत. भांडायला दोन्ही भाषा त्यांना सारख्याच हाताच्या होत्या. उंच, काटक माणूस. सत्तरी आली तरी उसाच्या सरीतनं चालताना पाठीला बाक नव्हता.

सगळ्या गावाशी बोलून भांडणाऱ्या ह्या माणसाचं घरातल्या एका माणसाशी मात्र बोलणंच नव्हतं. ती त्यांची सून, त्रिशला.

त्रिशला संकेश्वरची. लग्न ठरलं तेव्हा ती निपाणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि लग्नानंतरही शिकवणार हे बोलूनच सोयरीक झाली होती. नवरा श्रेयस बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात सुपरवायझर. आठवडाभर तिकडंच खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी यायचा. घरात आप्पा, सासूबाई आणि ती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा जैनांच्या घरात रिवाजच असतो. आप्पांच्या घरात तो कायदा होता. एकदा शाळेत परीक्षेचं काम लांबलं आणि त्रिशला घरी पोचेस्तोवर अंधार पडला. सासूबाई तापानं पडलेल्या, चूल थंड. आप्पा त्या दिवशी उपाशी निजले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले आणि शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, हेडमास्तरांना म्हणाले, "आमच्या सुनंला ही उंडगेगिरी तुमीच शिकवलीसा काय?"

त्रिशला तिथंच उभी होती. त्यानंतर त्या खोलीत पाय ठेवायला तिला तोंड उरलं नाही. तिनं नोकरी सोडली आणि सासऱ्याशी बोलणं सोडलं. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या वारल्यावर ते काम भिंतीवर आलं. "ताट वाढलंय," असं त्रिशला दाराच्या चौकटीला सांगायची. "आमटीत मीठ न्हाय," असं आप्पा खांबाला म्हणायचे. अशी वर्षं गेली. कुणाला त्यात वावगंही वाटेनासं झालं.

ऊसतोडीच्या दिवसांत आप्पांची पाठ दुखायला लागली. दोन खांद्यांच्या खाली, अगदी मधोमध. कामानं आखडलेली पाठ आडवं झालं की सैल होते. ही उलटी, आडवं झालं की जास्त ठणकायची. शिंक आली तरी आप्पा खांब धरायचे. गावातल्या एकानं तेल चोळून दिलं. चिकोडीकडच्या एका हाडवैद्यानं पाठीवर गुडघा देऊन "गादी सरकलीय" म्हणून सांगितलं. निपाणीतनं कमरेचा पट्टा आणला. लघवीची तक्रार तर त्याच्या कितीतरी आधीची होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. परड्यात ताटकळत उभे राहायचे आणि तेवढ्यात कुणी तिकडं गेलं तर त्याच्या अंगावर धावून जायचे. त्रिशलाच्या ते लक्षात आलं होतं. म्हाताऱ्या पुरुषांची ती ग्रंथी काय असते आणि तिचं काय होऊ शकतं, हे तिला पुस्तकातनं ठाऊक होतं. पण सांगायचं कुणाला? चौकटीला?

मग एका सकाळी देवळातनं बाहेर येताना आप्पा पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. पोटाला दोरी करकचून आवळल्यासारखं होतंय, म्हणाले, आणि दोरीच्या खालचं काही आपलं वाटत नाही. "पाय कुठं गेलं रं माझं?" असं ओरडत मांडीवर स्वतःच्या मुठी मारायला लागले. मारलेलंही कळत नव्हतं.

निपाणीच्या डॉक्टरांनी हात न लावताच बेळगावला पळवायला सांगितलं. मच्छ्याहून श्रेयस थेट दवाखान्यात आला. आप्पांची थोरली बहीण सुमतीआक्का शेजारच्या गावात दिलेली. तीही गाडी करून आली. त्या बोगद्यासारख्या मशिनीत घालून पाठीचे फोटो काढले, रक्त तपासलं, आणि दुपार कलायच्या आत डॉक्टर ऋतिकांनी श्रेयस, आक्का आणि त्रिशला, तिघांना खोलीत बोलावलं. बाई हुबळीकडच्या, मराठी जपून बोलणाऱ्या.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "प्रोस्टेट ग्रंथीतनं सुरू झालाय आणि हाडांत गेलाय. पाठीच्या मणक्यांत जास्त. एक मणका आतनं पोखरून बसलाय, त्याच्या मागं मज्जारज्जू असतो, पायाकडं जाणाऱ्या सगळ्या नसांची दोरी, ती चेपलीय. सूज उतरायचं इंजेक्शन मी चालू केलंय. पण दाब काढायला ऑपरेशन पाहिजे. आज. मग शेक, म्हणजे रेडिएशन."

"मग बरं हुतील?" श्रेयसनं विचारलं.

"कॅन्सर जाणार नाही. दाबून ठेवता येतो. ह्याला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं. ते तोडलं की काही लोक वर्षानुवर्षं काढतात, काही नाही काढत. तो काळ चालून काढायचा की पडून, एवढं मात्र आज ठरणार. पाय आज सकाळी गेलेत, म्हणून आशा आहे. थांबलात तर राहणार नाही."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सुमतीआक्कानं पदर कमरेला खोचला. "पाठ फाडायची, आत लोखंड घालायचं आणि येवढं करून मरायचंच? नगं रं बाबा. घरी न्हेऊया. मुनिमहाराज आमच्या गावात मुक्कामाला हाईत. त्यांच्याकडनं व्रत घ्यायला लावू. धरणूचं सोनं हुईल."

आक्का वाईट मनानं बोलत नव्हती. तिच्या आणि आप्पांच्या वडिलांनी म्हातारपणी सल्लेखनेचं व्रत घेतलं होतं. अन्न कमी करत करत, शुद्धीत, हात जोडून देह ठेवला होता, आणि पंचक्रोशी पाया पडायला लोटली होती. आक्काच्या लेखी त्याहून चांगलं मरण नव्हतं. श्रेयसच्या लेखी मात्र गोष्ट वेगळी होती. त्याला लहानपणापासून बापाची भीती वाटायची, आणि 'कॅन्सर' हा शब्द बापापुढं उच्चारायची कल्पनाच त्याला सहन होईना. आक्कानं रस्ता दाखवला तो त्यानं धरला.

"आप्पांना सांगायचं न्हाई," तो म्हणाला. "नस दबलीय म्हणायचं. गोळ्यांनी सुटंल म्हणायचं."

डॉक्टर ऋतिका भडकल्या. "पेशंट पूर्ण शुद्धीत आहे. त्यांना विचारा."

"आमचं आमी घरात ठरवतो, मॅडम," श्रेयसनं सांगितलं, आणि सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही करून दिली.

त्रिशला भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिच्या मनात एकच गोष्ट येत होती: मरू दे. ह्या माणसानं माझी शाळा घेतली, माझी उमेदीची वर्षं एका खांबापुढं उभी करून घालवली. मरू दे. मी काय त्याच्या पायांची राखणदार? असं मनात आलं म्हणून तिला अपराधी वाटलं, असंही काही झालं नाही.

आप्पांना स्ट्रेचरवर घेतलं. वॉर्डातनं लिफ्टकडं नेताना चादर घसरली आणि कमरेखालचा उघडा, निर्जीव देह, लघवीची नळी, पिशवी, सगळं चारचौघांत दिसलं. त्रिशला चादर ओढायला पुढं झाली. आप्पांनी तिचा हात झिडकारला आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडले, "हिला लांब करा! ही अवदसा घरात आल्यापास्नंच माझ्या घराचं वाटोळं झालंय. हिच्या हाताचं पाणीसुदीक लागू दिऊ नका!"

इतक्या वर्षांत तिनं बरंच ऐकलं होतं. पण आता आपण ह्या माणसाची लाज झाकायला वाकलो होतो. तिच्या डोक्यात काहीतरी फाटलं. ती स्ट्रेचरच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बोलली. चौकटीकडं नाही, खांबाकडं नाही.

"तुमची नस दबलेली न्हाई, आप्पा. तुमाला कॅन्सर झालाय. मणक्यात उतरलाय. आज ऑपरेशन केलं तर पाय परत येतील असं डॉक्टर म्हणत्यात, आणि ही समदी तुमाला मरायला घरी न्हेत्यात. तुमच्या नावानं सही पण झालीय. आता करा हिला लांब."

हे तिनं त्यांच्या भल्यासाठी सांगितलं नाही. लागावं म्हणून सांगितलं. दगड उचलून मारावा तसं.

श्रेयसनं तिचा दंड धरला. आक्कानं "अगं कैदाशिणी!" म्हणून कपाळाला हात लावला. आप्पा पडल्या पडल्या छताकडं बघत होते. त्रिशलाला वाटलं, मोडलं म्हातारं. क्षणभर तिला बरं वाटलं.

मग आप्पांनी श्रेयसकडं मान वळवली.

"मला इचारलं कुणी?"

"आप्पा, तुमाला तरास नगं म्हणून—"

"मला इचारलं कुणी, म्हणतो! बैल हाय मी? खाटकाकडं धाडताना बैलाला इचारत न्हाईत. मी माणूस हाय. बोलीव त्या डॉक्टरला!"

"धरणू, शांत हो," आक्का डोळे पुसत म्हणाली. "आपल्या बाबांनी कसं सोन्यासारखं—"

"बाबांनी सवता मागून घेतलं. मी मागिटलं? मला उसाला पाणी पाजायचं हाय अजून. तुला घाई असंल तर तू घे व्रत!"

डॉक्टर ऋतिका आल्या. बाई बघून आप्पांनी तोंड फिरवलं. असलं दुखणं बाईनं तपासायचं आणि बाईनं सांगायचं, हे त्यांना कॅन्सरपेक्षा झोंबलं असावं. "गडीमाणूस डॉक्टर न्हाई काय हितं?" त्यांनी कानडीत विचारलं.

"उद्या येतील," बाईंनी कानडीतच उत्तर दिलं. "तुमचे पाय उद्यापर्यंत थांबणार नाहीत, अज्जा."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो. पाय येतील याची खात्री नाही. पुढं हार्मोन तोडायला दोन रस्ते: खालचे गोळे काढून टाकायचं लहान ऑपरेशन, नाहीतर जन्मभर ठराविक मुदतीनं इंजेक्शन.

"माझं आणि काय काय कापणार हाईस?" आप्पा गरजले. मग म्हणाले, "पाठ काप. खालचं ऱ्हाऊ दे. त्याला सुई दे."

संध्याकाळी त्यांना आत घेतलं. पाठ उघडून मज्जारज्जूवर बसलेलं हाड आणि गाठ काढली, वरखालच्या मणक्यांना सळया बसवल्या. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतही तेच आलं.

पुढचे दिवस त्रिशलाला फार वाईट गेले. आक्का तिचं तोंड न बघता गावी परतली आणि देवळाच्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, सुनेनं जुना दावा साधला, म्हाताऱ्याला शांतपणे मरू दिलं नाही. आपली बाजू पक्की करायला ती महाराजांकडंही गेली. महाराजांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "व्रत मागणाऱ्याचं असतं, घरच्यांचं नसतं. त्यानं मागितलंय?" आक्कानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. तिथं बसलेल्या बायकांनी सांगितली.

श्रेयसचं आणि तिचं तर दवाखान्याच्या कँटीनमध्येच वाजलं.

"तू कशाला बोललीस? तुझा काय संबंध?"

"तुमी बोलला न्हाईसा म्हणून बोलले."

"बाप माझा हाय."

"मग बापासारखा सांभाळा. बसा उशाला."

श्रेयस उशाला बसला नाही. रजा संपली म्हणून मच्छ्याला गेला. रविवारी यायचा, आप्पांच्या पायथ्याला उभा राहायचा, फळं ठेवायचा. त्रिशलाशी बोलायचा नाही. घरात न बोलणाऱ्यांची जोडी बदलली, एवढंच.

कारण आप्पा आणि त्रिशला आता बोलायला लागले होते. गोड नाही, एकमेकांना ओरबाडून. रेडिएशनच्या खोलीत पालथं पडून हलायचं नाही म्हटलं की आप्पा तंत्रज्ञाला शिव्या द्यायचे, आणि त्रिशला दारातनं ओरडायची, "हलू नका! पाठ सोडून मुंडकं भाजंल!" सूज उतरवायची एक गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर होती. दिवस मावळल्यावर आप्पा अन्नाचा कण घेईनात, पाण्याचा थेंबही नाही. नर्स समजावून दमली. शेवटी त्रिशलानं डॉक्टरांशी बोलून सगळ्या गोळ्या सकाळ-दुपारवर आणून घेतल्या. आप्पांनी ते बघितलं आणि म्हणाले, "येवढी अक्कल तवा शाळंत असताना असती तर..." त्रिशलानं गोळ्यांची वाटी त्यांच्या छातीवर आपटली आणि बाहेर निघून गेली. त्या दिवशी त्यांना पाणी पाजायला ती परत आली नाही. दुसऱ्या पेशंटच्या बायकोनं पाजलं.

घरी आणल्यावर आंघोळ आणि नळीची देखभाल करायला निपाणीचा सूरज यायचा. पूर्वी दवाखान्यात कामाला असलेला, हातानं भारी आणि जिभेनं सावकाश माणूस. व्यायाम त्रिशला करून घ्यायची. सुरुवातीला काहीच हललं नाही. आप्पा अंगठ्याकडं डोळे वटारून बघायचे, जणू त्यालाही दम देऊन कामाला लावणार. मग एका सकाळी उजव्या पायात आग सुरू झाली. "विस्तू ठेवल्यागत भाजायलंय," असं ते कळवळून ओरडले. सूरज घाबरला. त्रिशलानं डॉक्टरांना फोन लावला, आणि बाई पलीकडून म्हणाल्या, "भाजतंय म्हणजे नस जागी होते आहे. ओरडू द्या."

"वरडा," त्रिशला म्हणाली. "वरडायला परवानगी हाय."

अंगठा हलला. मग घोटा. मग खाटेच्या कडेला बसता आलं, दोन बाजूंनी धरून उभं राहता आलं. सूरज आणि त्रिशला खांदे द्यायचे आणि आप्पा मधे उभे राहून दोघांना शिव्या घालायचे. एकदा तोल जाऊन ते त्रिशलाच्या अंगावर पडले. तिचं मनगट मुरगळलं. "नीट धरता येत न्हाई?" ते खालूनच म्हणाले. ती म्हणाली, "पुढच्या टायमाला सोडूनच दीन." आणि दुसऱ्या हातानं त्यांना उठवलं.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार झाला. इंजेक्शनानं आप्पांना अंगातनं एकाएकी वाफा यायला लागल्या. बसल्या जागी तोंड लालबुंद व्हायचं, टोपी काढून फेकायचे, बनियन घामानं निथळायची, आणि थोड्या वेळात थंडी वाजायची. दुपारी पुढच्या सोप्यात बसून ते असे तळमळत असताना त्रिशला दारात आली आणि हसायला लागली. त्या घरात तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

"काय झालं दात काढायला?"

"पाळी जाताना बायकांना असंच हुतंय, आप्पा. असाच घाम. अशाच वाफा. सासूबाई पंखा मागायच्या तवा तुमी काय म्हणाला हुता? 'सोंगं करती, थेरडी.' मी सैपाकघरातनं ऐकलंय. आता करा सोंगं."

आप्पांनी बनियनच्या टोकानं तोंड पुसलं. घाम गळत राहिला. मग ते इतकंच म्हणाले, "लई जळतंय गं." कुणाबद्दल म्हणाले, ते तिनं विचारलं नाही. पंख्याचं बटण दाबलं आणि आत गेली.

जूनमध्ये त्रिशला निपाणीच्या दुसऱ्या एका शाळेत लागली. आप्पांना विचारून नाही. सकाळी साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून ती सोप्यात आली. "मी शाळंत निघाले. सूरज दुपारपत्तोर हाय. जेवण झाकून ठेवलंय."

"माझ्या घरात ह्ये चालणार न्हाई!"

"मग उठून अडवा."

आप्पांनी वॉकर पुढं ओढला. दात खाऊन उभे राहिले. लटपटत, वॉकर आपटत, उंबऱ्यापर्यंत आले. कुणाच्याही आधाराशिवाय टाकलेली ती पहिलीच पावलं. सूरज "आप्पा! आप्पा चालायलेत!" म्हणून ओरडायला लागला. त्रिशला दाराच्या बाहेर उभी राहून बघत होती. आप्पा उंबऱ्याशी थांबले, धापा टाकत. अडवायचं होतं तिथवर ते पोचले होते, पण आता करायचं काय ते त्यांना कळेना. त्रिशलानं चप्पल घातली आणि बस पकडायला गेली.

त्या पावसाळ्यानंतर आप्पा वॉकर घेऊन देवळापर्यंत जायला लागले. गावाला वाटलं, एवढं भोगून म्हातारा निवळला असेल. आठवड्याभरातच ते अभिषेकाच्या रांगेवरून पुजाऱ्याशी भांडले. डेअरीत जाऊन मापावरून भांडले. नागेंद्र नावाचा शेजारी ऊस बघायला म्हणून त्यांना गाडीवर बसवून शेतावर घेऊन गेला, तर परत येताना त्याच्याशीही बांधावरून भांडून आले. लोक म्हणाले, सुनेनं हे काय परत आणून ठेवलं! त्यात हसणं होतं आणि थोडा खराखुरा वैतागही.

दोन वर्षं बरी गेली. मग रक्ताच्या तपासणीतला कॅन्सरचा आकडा चढायला लागला. गोळी बदलली, आकडा उतरला, पुन्हा चढला. यावेळी मानेत आणि कमरेत दुखायला लागलं आणि एका महिन्यात आप्पा पुन्हा खाटेवर आले. त्रिशला आणि श्रेयस दोघं त्यांना घेऊन बेळगावला गेले. डॉक्टर ऋतिकांनी फोटो बघितले आणि खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसल्या.

"बऱ्याच मणक्यांत पसरलंय, अज्जा. सलाईनमधनं देतात ती केमो आहे. थोडे महिने मिळतील कदाचित. त्रास होईल."

"पाय?"

"ह्या वेळी नाही जमायचं."

आप्पांनी श्रेयसकडं बघितलं, मग त्रिशलाकडं. कुणी मधे बोललं नाही. "मग दुखायचं तेवढं थांबीव," ते म्हणाले. "बाकी ऱ्हाऊ दे."

दुखऱ्या जागी एकदाच शेक दिला, वेदनेच्या कडक गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. आक्का पुन्हा आली. तिनं हळूच व्रताचा विषय काढला. आप्पा म्हणाले, "भूक हाय तोवर जेवणार. खपल्याची हुग्गी करायला सांग." गूळ घातलेली ती खपली गव्हाची खीर झाली. दोन घास गेले, बाकी ताटात राहिली. आक्का कोपऱ्यात बसून जप करत राहिली.

शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी त्रिशला त्यांची पाठ पुसत होती. गोळीच्या गुंगीतनं आप्पा एकदम स्वच्छ बोलले.

"त्या दिशी दवाखान्यात मला का सांगिटलंस?"

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला काहीतरी चांगलं ऐकवावं, असं कुणालाही वाटेल. पण ती म्हणाली, "तुमाला लागावं म्हणून."

"लागलं," आप्पा म्हणाले. मग, "कुशीवर कर."

तिनं सूरजला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना कुशीवर केलं, पाठीमागं उशी लावली.

आप्पा गेले तेव्हा त्रिशला सातवीच्या वर्गात होती. निरोप आला. तिनं मुलांना पुस्तक मिटायला सांगितलं आणि निपाणीच्या स्टँडवर येऊन बसमध्ये बसली. घरी पोचली तेव्हा सोपा माणसांनी भरला होता. सुमतीआक्का तिला बघताच मोठ्यानं रडायला लागली, की भावाचे फुकटचे हाल केले, सोन्यासारखं मरण हातचं घालवलं. बायका त्रिशलाकडं वळून बघत होत्या, ती आता काय म्हणते म्हणून. श्रेयस उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिला रडू आलं नाही. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, मागच्या दारी गेली आणि आप्पांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत लाकडं सारली.